एकाच घरात वेगळं राहताना: काय घ्यावं आणि काय दुकानातच राहू द्यावं

वेगळं व्हायचं ठरलेलं असतं, पण दुसरं घर लगेच परवडत नाही. कर्ज दोघांच्या नावावर असतं, मुलांचं वर्ष मध्यावर असतं. मग काही महिने, कधी वर्ष-दीड वर्षसुद्धा, एकाच दारातून ये-जा करत दोन परक्या माणसांसारखं राहावं लागतं. हे दिवस काढायला लोक पहिल्या आठवड्यातच बाजार गाठतात. कुलूप आणतात, सोफा-कम-बेड आणतात, फोनवर चार अ‍ॅप उतरवून घेतात. त्यातलं बरंचसं सामान पुढे नुसती जागा अडवतं.

इथे अशाच सामानाचा आणि सेवांचा आढावा घेतला आहे. कसोटी एकच: ही वस्तू घरात आली की दोघांमधलं रोजचं एक तरी बोलणं वाचतं का? ‘विजेचं बिल भरलं का’, ‘ओटा कधी मोकळा होणार’, ‘माझं पार्सल कुणी फोडलं’. घर कुणाचं, मुलं कुणाकडे, हे मोठे प्रश्न वकिलाच्या टेबलावर जातात. रोज ठिणगी पडते ती या असल्या बारक्या प्रश्नांवर. जी वस्तू बोलणं वाचवत नाही, किंवा जिचा उपयोग फक्त समोरच्यावर पाळत ठेवायला होतो, ती कितीही मजबूत असली तरी इथे नापास.

मारहाण, धमक्या, पैसे किंवा फोन काढून घेणं असले प्रकार घरात असतील तर हा आढावा त्या घरासाठी नाही. तिथे आधी बाहेर सुरक्षित जागा, मग बाकीचं.

हिशेबाचं साधन: सगळ्यात जास्त कामाची खरेदी, आणि ती जवळजवळ फुकट

दोन पर्याय चालतात: स्प्लिटवाइजसारखं खर्चवाटणीचं अ‍ॅप, किंवा गूगल शीट्समधला साधा तक्ता.

स्प्लिटवाइज २०११ पासून आहे. एका खोलीत राहणारे मित्र आणि सहलीला जाणारे गट हे त्याचं मूळ गिऱ्हाईक. दोघांचा एक गट करायचा, खर्च टाकायचा, कोण कुणाला किती देणं लागतं ते अ‍ॅप सांगतं. वाटणी समान, टक्क्यांत, हिश्शांत किंवा नेमक्या रकमेत करता येते. एकाने नोंद बदलली किंवा खोडली की दुसऱ्याला सूचना जाते, आणि हा त्याचा मोठा गुण. दोष दोन. फुकटच्या आवृत्तीत दिवसाला मोजक्याच नोंदी करता येतात, त्यामुळे महिन्याचं सामान भरलं त्या दिवशी गाडी अडते. दुसरं, विभागणीकडे लक्ष दिलं नाही तर ते निम्मं-निम्मं धरून चालतं. साठ-चाळीस ठरलेलं असताना चार नोंदी पन्नास-पन्नासने गेल्या की महिनाअखेरीस आकडा जुळत नाही आणि ‘मुद्दाम केलंस’ सुरू होतं.

म्हणून थोडी मेहनत परवडणारी असेल तर तक्ताच बरा. रकाने सात: तारीख, कशासाठी, एकूण रक्कम, कुणी भरली, प्रमाण, दुसऱ्याचं देणं, पावतीचा क्रमांक. प्रमाण ठरवायला दोघांचं हातात येणारं मासिक उत्पन्न घ्यायचं. समजा क चं ४५ हजार आणि ख चं ३० हजार असेल तर ६०:४०. मग एक ओळ अशी दिसते: ‘१२ तारीख, वीज, २,४००, ख ने भरले, ६०:४०, क चं देणं १,४४०, पावती ३१’. पावतीचा फोटो त्याच क्रमांकाने एका सामाईक फोल्डरमध्ये. प्रमाण आणि सूत्राचे रकाने संरक्षित करून टाका, म्हणजे चुकून बोट लागून सूत्र उडत नाही. आवृत्ती-इतिहासात कुणी कधी काय बदललं ते दिसतं, त्यामुळे ‘हा आकडा मी टाकलाच नव्हता’ या वाक्याला जागाच उरत नाही.

तक्ता फसतो तो तीन ठिकाणी. पहिलं ठिकाण बारीकसारीक वस्तू. काड्यापेटीपासून सगळं लिहायला गेलं की पंधरा दिवसांत दोघंही कंटाळतात आणि मोठे खर्चही लिहायचे राहतात. त्याला उपाय सामाईक डबा. साबण, कचऱ्याच्या पिशव्या, बल्ब, पाण्याच्या फिल्टरचं काडतूस अशा गोष्टींसाठी महिन्याच्या सुरुवातीला दोघांनी ठरलेल्या प्रमाणात ठरावीक रक्कम टाकायची आणि त्या डब्याचा हिशेब मागायचाच नाही. दुसरं ठिकाण कर्जाचा हप्ता. हप्ता आणि घराची मोठी दुरुस्ती ही मालकीशी बांधलेली बाब आहे. ती रोजच्या खर्चाच्या पानावर आली की ‘भाडं समजून दिलं’ की ‘घरात गुंतवलं’ हा वाद पुढे अंगावर येतो. त्यासाठी वेगळं पान ठेवा, आणि त्यावर प्रत्येक भरण्यासमोर तो कुठल्या खात्यातून गेला तेही लिहा. मुलांच्या खर्चालाही वेगळं पान, कारण घर वेगळं झालं तरी ते पान पुढे चालूच राहणार आहे.

तिसरं ठिकाण म्हणजे थकबाकी. दर महिन्याच्या पाच तारखेला बाकी चुकती करून रकाना शून्यावर आणलाच पाहिजे. तीन महिन्यांची बाकी साठली की तिचा हिशेब राहत नाही, तिचं हत्यार होतं. देवाणघेवाण बँकेतूनच करा आणि शेऱ्यात महिना लिहा. रोखीने दिलेलं नंतर कुणालाच आठवत नाही.

याच्याच जोडीला बँकेत एक फेरी मारावी लागते. संयुक्त खातं ‘दोघांपैकी कोणीही’ पद्धतीने चालत असेल तर एकजण सगळी शिल्लक काढून घेऊ शकतो, आणि बँक त्याला अडवणार नाही. पगार आपापल्या नावच्या खात्यात वळवा. संयुक्त खात्यात फक्त हप्ता आणि सामाईक बिलांपुरते पैसे ठेवा, आणि जमलं तर ते दोघांच्या सहीने चालणारं करून घ्या. पुरवणी क्रेडिट कार्डाचं बिल मूळ कार्डधारकाच्या नावावर येतं, कार्ड कुणीही घासलेलं असो. ते आधी बंद करा. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर नवराबायकोत आपसात काहीही ठरो, हप्ता चुकला की बँक दोघांनाही धरते.

निरोपाची अ‍ॅप

एका घरात राहून एकमेकांना मेसेज पाठवायचे हे सुरुवातीला हास्यास्पद वाटतं. पण तोंडी निरोपाला साक्षीदार नसतो आणि आवाजाला चढउतार असतो, म्हणून लिहिलेलं बरं.

बहुतेकजण व्हॉट्सअ‍ॅपवरच भागवतात. भागतंही, पण त्याच्या मर्यादा माहीत असाव्यात. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत दोन्हीकडून खोडता येतो. आपोआप नाहीसे होणारे मेसेज चालू असतील तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी सगळंच जातं; ती सोय आधी बंद करा. संभाषण बाहेर काढता येतं, पण फोटोंसकट काढलं तर शेवटचे १० हजार मेसेजच येतात, फोटोंशिवाय ४० हजार. खरा त्रास मात्र निळ्या खुणांचा. शेजारच्या खोलीत माणूस बसलेला आहे, मेसेज वाचलेला दिसतोय, उत्तर नाही. एवढ्यावरून दारं आपटली जातात. निळ्या खुणा आणि शेवटचं कधी पाहिलं ही माहिती दोघांनीही बंद करणं ही पहिल्या दिवशीची सेटिंग आहे.

खास विभक्त पालकांसाठी बनवलेल्या सेवांमध्ये अवर फॅमिली विझर्ड हे जुनं नाव, २००१ पासूनचं. त्यात पाठवलेला निरोप मागे घेता येत नाही, बदलता येत नाही, आणि समोरच्याने तो पहिल्यांदा कधी उघडला त्याची वेळ नोंदली जाते. कॅलेंडर, खर्च आणि मुलांची माहिती एकाच जागी. मजकूर पाठवण्याआधी त्यातला भडक शब्द दाखवून देणारी सोयही आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना तिचा उपयोग होतो. रोमन लिपीत लिहिलेला मराठी टोमणा तिच्या तावडीत सापडेल अशी आशा ठेवू नये. वर्गणी वार्षिक आणि प्रत्येक पालकाची वेगळी. मुलं नसतील तर ही सेवा घेण्यात अर्थ नाही. मुलं असतील आणि प्रकरण न्यायालयात जाणार हे दिसत असेल तर पैसे वसूल आहेत. टॉकिंग पेरेंट्सही त्याच जातीचं. नोंदी बदलता किंवा खोडता न येणं हाच त्याचा कणा.

यातलं काहीच नको असेल तर ईमेल घ्या. एका विषयाला एक मेल, विषयाच्या ओळीत तारीख, उत्तराला २४ तासांची मुदत. तातडीचं काम असेल तरच दार वाजवायचं. तातडीचं म्हणजे आजारपण, गळती, वीज, मुलांची शाळा. एवढंच.

कुठलंही साधन घेतलं तरी मजकूर कसा लिहिता यावर सगळं आहे. ‘तू परत विसरलास, नेहमीप्रमाणे मलाच धावावं लागलं’ यातून उत्तर मिळतं ते भांडणाचंच. त्याऐवजी: ‘गुरुवारी सहाला क्लासमधून आणायची पाळी तुझी आहे. जमणार नसेल तर बुधवारी रात्री आठपर्यंत कळव. मी आणीन, शनिवारची पाळी तू घे.’ कोण, कधी, कळवायची मुदत, बदल्यात काय. या चार गोष्टी आल्या की समोरच्याला हो किंवा नाही एवढंच म्हणावं लागतं.

कॅलेंडरबद्दल थोडक्यात. गूगल कॅलेंडरमध्ये मुलांचं आणि घराचं असं एक नवं कॅलेंडर करा आणि त्यात दोघांनाही बदल करण्याचा अधिकार द्या. स्वतःचं कॅलेंडर वाटूच नका. वाटायचंच तर फक्त ‘मोकळा की व्यस्त’ एवढं दिसेल असं ठेवा. इथली नेहमीची चूक म्हणजे नवी नोंद करताना कुठलं कॅलेंडर निवडलंय ते न बघणं. वकिलाची भेट सामाईक कॅलेंडरवर जाते आणि दोन्ही फोनवर एकाच वेळी टिंग वाजतं.

कुलूप

खोलीच्या दाराला काय लावावं यावर सगळ्यात जास्त पैसे आणि मनस्ताप वाया जातो. दाराबाहेर कडी आणि टाळं हा प्रकार नकोच. घर सामाईक असेल तर दुसऱ्याला त्याच्याच घराच्या भागातून बाहेर ठेवल्याचा तो पुरावा ठरू शकतो. शिवाय मुलं ते टाळं रोज बघतात. बाहेरून किल्लीने बंद होणारं कुलूपही तितकंच अडचणीचं, कारण दुसऱ्याचे कपडे, कागद, औषधं त्याच खोलीत असतात आणि मग प्रत्येक वस्तूसाठी किल्ली मागावी लागते. बोलणं वाचायचं सोडून वाढतं.

घ्यावं ते आतून लागणारं प्रायव्हसी लॉक, बाथरूमला असतं तसं. आतून बटण दाबायचं किंवा खुंटी फिरवायची. बाहेरच्या बाजूला बारीक भोक किंवा खाच असते, अडचणीच्या वेळी पिन किंवा नाणं घालून ते उघडता येतं. आत कुणी चक्कर येऊन पडलं, लहान मूल अडकलं, आग लागली, तर ही खाच जीव वाचवते. ती नसलेलं मॉडेल घेऊ नका. विकत घ्यायच्या आधी दाराची जाडी मोजा. बहुतेक गोल मुठीची कुलुपं ३५ ते ४५ मिलिमीटर जाडीला बसतात. दाराच्या कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर बहुधा ६० किंवा ७० मिलिमीटर असतं. जुनं कुलूप काढून नवं बसवायचं असेल तर हेच माप जुळावं लागतं, नाहीतर सुतार दाराला दुसरं भोक पाडतो आणि दार कायमचं खराब होतं. पावसाळी हवेत लाकूड फुगलं की जिभळी चौकटीच्या पट्टीत बसत नाही. कुलूप बदलायची गरज नसते. पट्टीचं भोक कानशीने एक-दोन मिलिमीटर वाढवलं की काम होतं.

आकड्यांचं इलेक्ट्रॉनिक कुलूप खोलीला लावायच्या भानगडीत पडू नका. आपोआप बंद होण्याची सोय चालू राहिली, फोन आत राहिला, बॅटरी उतरली, की मध्यरात्री दार वाजवून ज्याच्याशी बोलायचं नाही त्यालाच उठवावं लागतं.

कुलपाचे पैसे लावायचेच असतील तर कपाटाच्या एका खणाला लावा. त्यात पासपोर्ट, शिक्षणाची प्रमाणपत्रं, बँकेचे आणि घराचे कागद, मुलांचे जन्मदाखले. मुलांचे मूळ दाखले एकट्याने कुलुपात घालू नयेत; दोघांकडे प्रती असाव्यात आणि मूळ कुठे आहे ते दोघांना माहीत असावं. घराच्या कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवल्या की निम्मी धाकधूक कमी होते.

झोपायची जागा

सोफा-कम-बेडला आमचा स्पष्ट नकार. पाहुण्यासाठी तो ठीक आहे. वर्षभर रोज झोपायला नाही. त्याची गादी बहुधा पातळ असते आणि मधला आडवा दांडा पाठीला लागतो. रोज उघड-मीट केली की आधी बिजागऱ्या कुरकुरतात, मग एका बाजूने खचतात. पण खरी अडचण गादीची नाहीच. सोफा दिवाणखान्यात असतो, आणि दिवाणखान्याला दार नसतं. तिथे झोपणाऱ्याला इतर सगळे झोपेपर्यंत जागं राहावं लागतं आणि सगळ्यांच्या आधी उठावं लागतं. महिनाभरात तो माणूस चिडचिडा होतो आणि दोष लग्नाला मिळतो.

दार असलेली कुठलीही खोली, अभ्यासाची असो की अडगळीची, रिकामी करून त्यात खण असलेला एकेरी पलंग टाकणं चांगलं. पाच-सहा इंच जाडीची, ३२ ते ४० घनतेच्या फोमची गादी रोजच्या वापराला पुरते. पुढे वेगळ्या घरात जाताना हा पलंग सोबत नेता येतो. सोफा-कम-बेड कुणालाच नको असतो. दार असलेली दुसरी खोलीच नसेल तर एक महिना एकाने, एक महिना दुसऱ्याने शयनगृह वापरायचं. अदलाबदलीचा दिवस कॅलेंडरवर टाकायचा आणि त्या दिवशी चादरी बदलायच्या. मुलाच्या खोलीत मुक्काम टाकणं हा सोयीचा दिसणारा, पण वाईट तोडगा.

खोलीचं दार बंद केलं तरी फोनवरचं बोलणं बाहेर जातं. यावर लोक महागडे नॉइज-कॅन्सलिंग हेडफोन घेतात. ते पंख्याची, एसीची, विमानाची सलग घरघर छान दाबतात. माणसाचं बोलणं तितकं दाबत नाहीत. शिवाय ते आपल्याला बाहेरचं कमी ऐकू येण्यासाठी आहेत, आपलं बोलणं बाहेर न जाण्यासाठी नाहीत. आवाज जातो तो दाराखालच्या फटीतून. तिथे रबराची पट्टी लावा. खालची धार साफ करून पुसा, पट्टी दाराच्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर आखूड कापा आणि ती जमिनीला जेमतेम टेकेल अशी बसवा. घासली तर दार जड होतं आणि पट्टी सुटून येते. या पूर्ण आढाव्यात पैशाच्या मानाने सर्वांत जास्त फरक पाडणारी वस्तू हीच. वकिलाशी बोलायचं मात्र घराबाहेर, पट्टी असली तरीही.

स्वयंपाकघर

दुसरा छोटा फ्रिज घ्यावा का? घ्यावा, पण कोणता ते नीट पाहून. बाजारात टेबलावर ठेवायचे, वजनाला हलके, आवाज न करणारे छोटे फ्रिज मिळतात. त्यातले बरेच थर्मोइलेक्ट्रिक असतात. त्यांना कॉम्प्रेसर नसतो. ते खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंश खाली जातात, त्यापुढे नाही. खोली ३५ अंशांवर असेल तर आत १५ ते २० अंश. दूध आणि शिजवलेलं अन्न ५ अंशांच्या खाली राहायला हवं, म्हणजे हा फ्रिज उन्हाळ्यात नुसतं झाकण लावलेलं कपाट. खोक्यावर ‘कॉम्प्रेसर’ असं लिहिलेलं असेल तरच घ्या, ४५-५० लिटर एका माणसाला पुरतो. मागे आणि बाजूला हवा खेळायला मोकळी जागा सोडा. भिंतीला चिकटवला की कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि बिल वाढतं. त्या बिलाची वाटणी आधीच ठरवून ठेवा, नाहीतर तक्त्यात नवी ओळ आणि घरात नवं भांडण.

फ्रिज घेणं जमत नसेल तर एकाच फ्रिजमध्ये कप्पे वाटा. नावाच्या चिठ्ठ्या प्रत्येक डब्याला लावू नका. वरचा कप्पा एकाचा, मधला दुसऱ्याचा, दार सामाईक. चिठ्ठ्या गळून पडतात, कप्पा गळून पडत नाही.

आणि वेळापत्रक, साध्या कागदावर, फ्रिजच्या दाराला चुंबकाने लावलेलं. सकाळी साडेसहा ते सव्वासात एकजण, सव्वासात ते आठ दुसरा. संध्याकाळी तसंच, पण उलट क्रमाने, म्हणजे घाईची वेळ एकाच्याच वाट्याला येत नाही. मधे पंधरा मिनिटं मोकळी ठेवावीत असं वाटतं; ती ठेवू नका, मोकळ्या वेळेवरूनच वाद होतात. त्यापेक्षा नियम ठेवा: आपली वेळ संपताना ओटा पुसलेला आणि सिंक रिकामं. यासाठी अ‍ॅप नको. ओट्यासमोर उभं राहून ओल्या हाताने कुणी फोन उघडत नाही.

फोन, राऊटर आणि जुने पासवर्ड

इथे विकत घ्यायला जवळजवळ काहीच नाही; एक संध्याकाळ बाजूला काढायची आहे. आधी आपल्या मुख्य ईमेलच्या सुरक्षा पानावर जाऊन कोणकोणत्या उपकरणांवर तो उघडा आहे ते पाहा. घरातल्या जुन्या टॅबलेटवर तो हमखास उघडा सापडतो. मग पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर आणि पर्यायी ईमेल तपासा. लग्नानंतर कधीतरी जोडीदाराचाच नंबर तिथे टाकलेला असतो. क्रम महत्त्वाचा आहे: आधी हा नंबर बदला, मग पासवर्ड, मग दुहेरी पडताळणी सुरू करा. उलट्या क्रमाने केलं तर पडताळणीचा कोड शेजारच्या खोलीतल्या फोनवर जातो.

आयफोनवर २०२२ च्या आयओएस १६ पासून ‘सेफ्टी चेक’ नावाची सोय आहे. आपलं ठिकाण, फोटो, कॅलेंडर कोणाला दिसतं हे एकेक करून ती दाखवते आणि तिथेच बंद करू देते. अँड्रॉइडवर ठिकाण वाटणं आणि फॅमिली गट वेगवेगळ्या जागी जाऊन तपासावे लागतात. काम तेच, वेळ जास्त.

राऊटरवर पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क सुरू करून एकाने ते वापरलं तर एकमेकांचे प्रिंटर आणि सामाईक फोल्डर दिसत नाहीत. राऊटरचा पासवर्ड मात्र दोघांकडेही असावा. एकाने चिडून इंटरनेट बंद करणं हे फार स्वस्तात होणारं आणि फार महाग पडणारं कृत्य आहे.

कॅमेरे, आवाज टिपणारी यंत्रं, पिशवीत किंवा गाडीत लपवायचे माग काढणारे टॅग: शून्य गुण. ते सापडतातच; एअरटॅग तर सोबत फिरत असल्याची सूचना समोरच्याच्या फोनवर स्वतःहून देतो. अनेक देशांत हा गुन्हा आहे, आणि पुरावा म्हणून जमवलेलं शेवटी जमवणाऱ्यावरच उलटतं. आधीपासून दिवाणखान्यात कॅमेरा असेल तर दोघांच्या संमतीने तो प्रवेशदाराकडे वळवा किंवा काढून ठेवा.

मध्यस्थ आणि तारखेचा कागद

आता सेवांपैकी एकच, पण भारी. मध्यस्थ, म्हणजे मीडिएटर, हा समुपदेशक नव्हे आणि कुणा एकाचा वकीलही नव्हे. संसार सांधणं हे त्याचं काम नाही; या मधल्या काळाचे नियम लिहून काढणं हे त्याचं काम. चांगला मध्यस्थ पहिल्या भेटीत दोघांशी वेगवेगळं बोलतो, दबाव आहे का ते चाचपतो, आणि दबाव दिसला तर काम नाकारतो. पहिल्याच बैठकीत ‘मुलांसाठी जुळवून घ्या’ असं म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. फी दोघांनी विभागून द्यावी. एकानेच दिली की तो ‘तुझा माणूस’ होतो. बैठकीला जाताना वरचा तक्ता, तीन महिन्यांची बँक विवरणपत्रं आणि वेळापत्रकाचा मसुदा घेऊन गेलात तर निम्मा वेळ वाचतो, आणि तासावर फी असते तिथे पैसेही.

त्या कागदावर एक ओळ असलीच पाहिजे: वेगळं राहायला सुरुवात कधी झाली ती तारीख. पुढच्या कायदेशीर मुदती तिथूनच मोजल्या जातात. एका छपराखाली राहूनही विभक्त असू शकतं हे बऱ्याच ठिकाणी मान्य आहे. भारतात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केलं की वेगळं राहणं म्हणजे नवराबायको म्हणून न राहणं; परिस्थितीमुळे घर एकच असू शकतं. ऑस्ट्रेलियात १९७५ च्या कुटुंब कायद्यातलं कलम ४९ हेच म्हणतं. मुदत १२ महिने, पण घर एकच असेल तर शपथपत्राने ते दाखवावं लागतं. कॅनडातही एक वर्ष, आणि समेटासाठी ९० दिवसांपर्यंत पुन्हा एकत्र राहून पाहिलं तरी घड्याळ मागे जात नाही.

म्हणून त्या तारखेला एक साधा मेल पाठवा: ‘आजपासून आपण वेगळे राहत आहोत, खोल्या आणि खर्च वेगळे केले आहेत.’ समोरच्याने ‘मान्य’ एवढं उत्तर दिलं तरी पुरे. त्यानंतर वागणंही तसंच हवं. एकमेकांचे कपडे धुणं, एकत्र समारंभांना जोडीने जाणं, अर्जावर ‘विवाहित, एकत्र’ लिहिणं हे चालू राहिलं तर कागदावरची तारीख लंगडी पडते.

शेवटी यातला कुणीतरी एकजण घर सोडणारच. त्या दिवसाआधी तक्त्याची प्रत उतरवून घ्या, संभाषण बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवा, विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचा आकडा दाखवणारा फोटो काढा, किल्ल्या मोजून द्या. खर्चाचा सामाईक गट बाकी शून्य झाल्याशिवाय बंद करू नका. राऊटरचा पासवर्ड बदलायचं सगळेजण विसरतात. तो मागे राहणाऱ्याने त्याच संध्याकाळी बदलावा.